पप्पांना प्रार्थना नको, आईला मिस्साशिवाय चालत नाही

सदरची लेक
पप्पांची तब्येत खालावलीय, डोकं मात्र साफ आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासून ते चर्चमध्ये जात नाहीत, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. त्यांनी सांगून ठेवलंय: फादर नको, जपमाळ नको, पेटीवर क्रूस नको. जरीपटक्याच्या कबरस्तानात आजीशेजारी पुरा, दोघं-तिघं मित्र बोलतील, नाट्यगीतं लावा. दगडावर फक्त नाव आणि साल. आई रोज सकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारी. ती म्हणते, "मी जिवंत असताना हे होऊ देणार नाही." माझं मत पक्कं आहे. ज्यानं जन्मभर आपलं म्हणणं उघडपणे मांडलं, त्याच्यावर मेल्यावर प्रार्थना म्हणणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. तुम्हाला काय वाटतं?

मोहननगरचा
नाही पटलं जी. मेल्यावर काही उरत नाही, असंच तुमचे पप्पा मानत असतील ना? मग प्रार्थनेनं त्यांचं काय बिघडतं? बिघडेल ते तुमच्या आईचं. जन्मभर संसार केलेली बाई नवऱ्याच्या पेटीजवळ परक्यासारखी उभी राहील. गेलेल्यासाठी प्रार्थना करणं ही आपल्याकडे शेवटची सेवा असते. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळे कबरींवर मेणबत्त्या लावत असताना ती त्या बिनक्रूसाच्या दगडापुढे काय करेल, याचा विचार केला का?

सदरची लेक
तिनं मेणबत्ती लावावी, प्रार्थना म्हणावी. तिला कोण अडवतंय? माझी हरकत पप्पांच्या नावानं होणाऱ्या विधीला आहे. उद्या त्यांना कळणार नाही, मान्य. पण आज कळतंय, आणि आज ते माझ्याकडे शब्द मागताहेत.

कॅनन वाचलेला
तुम्ही दोघंही धरून चाललात की चर्च हा विधी करणारच. तसं नाही. 1983 च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, कलम 1184 बघा. ज्यानं उघडपणे श्रद्धा सोडली आणि मरणाआधी पश्चात्तापाची काही खूण दाखवली नाही, त्याला चर्चचा अंत्यविधी देत नाहीत. शंका असेल तर बिशपांना विचारायचं. चर्चला न जाणं म्हणजे श्रद्धा सोडणं नव्हे, त्यामुळे तुमच्या पप्पांना ते लागू होईलच असं नाही. पण स्वतः नको म्हणणाऱ्यावर विधी लादावा, असं चर्चही म्हणत नाही.

आईसाठी महत्त्वाचं कलम 901 आहे: फादर कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतात. पेटी समोर असण्याची गरज नाही. आईनं आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, दुसऱ्या दिवशी पप्पांच्या नावानं मिस्सा सांगितला तर दोघांचंही राहतं.

एक मात्र आत्ताच करा. कबर घराण्याची असली तरी फादर नसताना पुरू देतात का, क्रूसाशिवाय दगड चालतो का, हे कबरस्तान सांभाळणाऱ्यांना विचारून घ्या. पेटी दारात आल्यावर हा वाद नको.

अंबाझरीवाला
आमच्या घरी काकांचं देहदान झालं, म्हणून सांगतो. जिवंतपणी भरलेला फॉर्म पुरत नाही. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांनी मेडिकल कॉलेजला कळवलं तरच पुढचं होतं. नेत्रदान तर साधारण 6 तासांच्या आत. म्हणजे शेवटी घरच्यांवरच येतं. मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, ते आमच्याकडे तेरवीनंतर उघडतात. पप्पांच्या हातचा वेगळा कागद करा, साक्षीदार घ्या, त्याची प्रत आईकडेही द्या.

मोहननगरचा
कागद आईच्या हातात देणं म्हणजे तिला धाकात ठेवणं आहे. त्यापेक्षा पप्पांनी स्वतः तिच्याशी बोलावं. लेकीमार्फत नवऱ्याची अंत्यविधीची अट ऐकणं कोणत्या बायकोला सहन होईल? दुसऱ्या दिवशीच्या मिस्साबद्दल माझी तक्रार नाही, पण पेटीजवळची ती पाच मिनिटं तिला मिळायलाच हवीत.

सदरची लेक
पप्पांनी आईशी बोलावं, हे बरोबर आहे. आजवर सगळं माझ्यामार्फतच चाललंय. या रविवारी मी त्या दोघांनाच बसवते. मिस्साला पप्पा नाही म्हणणार नाहीत असं वाटतं. पेटी बंद होण्याआधी घरात ती पाच मिनिटं आईची, हेही त्यांना विचारते. कबरीवर मात्र फक्त मित्रच बोलतील, आणि दगडाचं मी सोडणार नाही.

मोहननगरचा
दगडाचं आईला ठरवू द्या. त्या कबरीवर वर्षानुवर्षं तीच जाणार आहे.