अपडेट बंद ठेवूनही सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होतंय, कसं थांबवायचं?

नमस्कार मंडळी,

गेले आठ दिवस या एकाच गोष्टीच्या मागे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करा.

मी पुस्तकांची पानं लावते. त्यासाठीचं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर आहे. सध्याचं पुस्तक ३१२ पानांचं, शेवटी मोठी सूची. एकदा पुस्तक हातात घेतलं की ते छपाईला जाईपर्यंत व्हर्जन बदलायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. म्हणून सुरुवातीलाच प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक अपडेट'वरची टिक काढली होती.

सोमवारी फाइल उघडायला गेले तर विचारलं, 'ही फाइल जुन्या व्हर्जनमधली आहे, कन्व्हर्ट करायची का?' शुक्रवारी याच मशीनवर सेव्ह केलेली फाइल! अबाउटमध्ये पाहिलं, व्हर्जनचा आकडा पुढे गेलेला. प्रेफरन्सेसमध्ये पाहिलं, तिथे टिक नाहीच. म्हणजे सेटिंग मी ठेवलं तसंच आहे आणि अपडेटही झालेलं आहे.

फाइलची एक कॉपी कन्व्हर्ट करून पाहिली. पान १८७ वरच्या शेवटच्या परिच्छेदातला 'होते.' एवढा एकच शब्द सुटून १८८ च्या डोक्यावर जाऊन बसला. नव्या व्हर्जनमध्ये ओळ तोडण्याची पद्धत बदललेली दिसते. तिथून पुढे सगळं सरकत गेलं आणि पुस्तक ३१३ पानांचं झालं. सूचीतला एकेक आकडा मी पान उघडून तपासला होता, त्यातले कितीतरी आता चुकीचे आहेत.

जुनं व्हर्जन पुन्हा टाकलं, दोन दिवसांत परत नवं आलं. विंडोजचे अपडेट पॉज करून पाहिले, काही फरक नाही. नेट बंद ठेवलं तर होत नाही, पण लायसन्सच्या तपासणीला नेट लागतं आणि प्रुफंही मेलवर येतात.

अपडेट करायचेच नाहीत असं माझं म्हणणं नाही. मार्च २०१७ मध्ये आलेली दुरुस्ती ज्यांनी टाकली नव्हती, त्यांची मशीन्स मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने लॉक केली, हे मला माहीत आहे. विंडोज आणि ब्राउझर मी वेळच्या वेळी अपडेट करते. हे एकच सॉफ्टवेअर, काम संपेपर्यंत, आहे तिथेच थांबायला हवंय.

प्रतिसाद १

फायरवॉलमध्ये त्या सॉफ्टवेअरला आउटबाउंड (बाहेर नेटवर जाणं) ब्लॉक करा.

धागाकर्ती

करून पाहिलं. लायसन्स तपासता येत नाही म्हणून ते उघडतच नाही. 😔

प्रतिसाद २

अपडेट करणारा प्रोग्राम बहुधा वेगळा आहे. तुम्ही टिक काढलीत ती मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, आणि ती तुमच्या युजर प्रोफाइलमध्ये साठवली जाते. अपडेटर मात्र अनेकदा 'सिस्टिम' या विंडोजच्या स्वतःच्या खात्याखाली चालतो. त्याने तुमच्या प्रोफाइलमधलं सेटिंग वाचलंच नाही, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही काही बंद केलेलंच नाही. काही ठिकाणी तर त्या टिकचा अर्थ फक्त 'मला विचारू नका' एवढाच असतो.

स्टार्टमध्ये 'टास्क शेड्युलर' शोधा आणि त्या कंपनीच्या नावाचं टास्क आहे का बघा. 'लास्ट रन टाइम' आणि अपडेट झाल्याची वेळ जुळली तर चोर सापडला. 'अ‍ॅक्शन्स' टॅबमध्ये कोणती फाइल चालते ते दिसेल. टास्क डिलीट करू नका, डिसेबल करा. डिलीट केलेलं टास्क कित्येक सॉफ्टवेअर उघडताक्षणी पुन्हा तयार करतात. मग 'सर्व्हिसेस'मध्ये (मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्राम्सची यादी) अपडेटरची सर्व्हिस असेल तर तीही डिसेबल करा. फायरवॉलचा नियम मुख्य सॉफ्टवेअरवर नको, फक्त त्या अपडेटरच्या फाइलवर लावा, म्हणजे लायसन्स चालू राहील.

कंपन्यांमधल्या अ‍ॅडमिनसाठी वेगळी पॉलिसी (प्रेफरन्सेसच्या वरचढ असलेलं सेटिंग) आहे का, तेही त्यांच्या मदतपानांवर बघा. फायरफॉक्सचं उदाहरण घ्या: २०१८ च्या ६३व्या व्हर्जनपासून 'अपडेट कधीच तपासू नका' हा पर्याय सेटिंग्जमधून गेला, पण पॉलिसीच्या फाइलमधून अपडेट अजूनही पूर्ण बंद करता येतात.

आणि जुन्या व्हर्जनचा इन्स्टॉलर जपून ठेवा. तो वेबसाइटवरून कधी जाईल सांगता येत नाही.

प्रतिसाद ३

हे दुखणं जुनं आहे. २००७ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टावर लोकांनी 'अपडेट आले की फक्त कळवा, विचारल्याशिवाय टाकू नका' असं सेटिंग ठेवलं होतं, तरी विंडोज अपडेटने स्वतःच्या काही फाइल्स न विचारता बदलल्या होत्या. मायक्रोसॉफ्टचं स्पष्टीकरण असं, की त्या बदलल्या नाहीत तर पुढचे अपडेट शोधताच येणार नाहीत.

१९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरणही पाहा. मुख्य प्रोग्राम एक व्हर्जन मागे ठेवण्याचं सेटिंग ग्राहकांना होतं. पण बिघाड झाला तो वेगळ्या प्रकारच्या, माहितीच्या फाइलमधून, आणि त्या फाइलला ते सेटिंग लागूच नव्हतं. सुमारे ८५ लाख मशीन्स बंद पडली. म्हणून 'बंद' लिहिलेलं दिसलं की ते नेमकं कशाकशाला लागू आहे, ते कंपनीला लेखी विचारा. मी तरी विचारतो.

धागाकर्ती

प्रतिसाद २, तुमचे आभार कसे मानू! टास्क सापडलं. शेवटचं चाललं शनिवारी सकाळी ७:४० ला, आणि प्रोग्रामच्या फाइल्सवर ७:४३ ची वेळ आहे. मी तेव्हा मशीन नुसतं सुरू करून ठेवलं होतं. टास्क आणि सर्व्हिस दोन्ही डिसेबल केलं, अपडेटरवर फायरवॉलचा नियम लावला, जुनं व्हर्जन टाकलं. 'होते.' परत १८७ वर आला.

पण आज सर्व्हिस पुन्हा 'मॅन्युअल' झालेली दिसतेय. हे कोण करतंय, कसं शोधायचं?

प्रतिसाद २

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये 'सिस्टिम', आणि ७०४० हा क्रमांक फिल्टर करा. सर्व्हिसचा स्टार्टअप प्रकार बदलला की तिथे नोंद होते, कोणत्या खात्याने बदलला तेही दिसतं.

धागाकर्ती

सापडली नोंद. खातं 'सिस्टिम', वेळ सकाळी ९:१२. मी फाइल उघडली तीच वेळ. म्हणजे सॉफ्टवेअर सुरू झालं की त्याचीच लायसन्सची सर्व्हिस हे करत असावी. फायरवॉलच्या नियमामुळे व्हर्जन अजून तरी जुनंच आहे. कंपनीला या नोंदीच्या स्क्रीनशॉटसकट आजच लिहिते आहे. उत्तर आलं की इथे टाकते.