सध्या घरात काय कामाचं निघालं: खसचा कूलर, सुती दुपट्टा, भिवापुरी मिरची, पांगुळगाडा. पटतं का नागपूरकरांनो?

गोकुळपेठवाली

आम्ही ऑफिसातल्या चार-पाच जणी दर मोसमात एकमेकींना सांगत असतो, घरात काय कामाचं निघालं, कोणता कपडा अंगावर बरा वाटला, काय खाऊन राहिलो, पोट्ट्यांसाठी काय घेतलं. यंदाची यादी इथे मुद्दाम टाकून राहिली, कारण बाकी ज्या आवडीच्या वस्तूंच्या याद्या फिरतात त्या सगळ्या मुंबई-पुण्याच्या फ्लॅटसाठी असतात, लिनेनची पँट, एअर फ्रायर, खोलीत सुगंधी वाफ सोडणारं मशीन. आपल्याकडे 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता. आपली यादी वेगळीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरासाठी: खिडकीतला लोखंडी डेझर्ट कूलर, साधा घास (लाकडाच्या बारीक सालपटांची गादी) काढून खसच्या, म्हणजे वाळ्याच्या मुळांच्या, जाळ्या लावलेला. मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की ती पाणी ओढून घेते आणि गार होते, त्यासाठी वेगळी गॅस नको कॉम्प्रेसर नको. आणि संध्याकाळी पाच वाजता पंप सुरू केल्याबरोबर ओल्या खसचा जो वास घरभर जातो, तो दुसऱ्या कशाने येत नाही.

कपड्यात: स्कूटीवर तोंडाला बांधायचा सुती दुपट्टा, चांगला अडीच मीटरचा, मऊ धुतलेला. सिंथेटिक स्टोल सोडा. सणासुदीला करवतकाठी साडी.

खाण्यात: भिवापुरी मिरचीचं तिखट, कैरीचं पन्हं, आणि मोसमात संत्री. संत्र्याचा ज्यूस नाही, आख्खी संत्री.

लेकरांसाठी: प्लास्टिकचा गोल वॉकर नको, लाकडी पांगुळगाडा घ्या. आणि पोळ्याच्या आधी, पोट्ट्यांना मिरवायला, एक चांगला लाकडी बैल.

ज्याला पटत नसेल त्याने खुल्या मनाने लिहा, पण कारण द्या.

मानेवाडा_मम्मी

ताई, बाकी सगळं ठीक आहे पण पहिल्याच गोष्टीला माझा विरोध. माझं बाळ तीन महिन्यांचं आहे, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, स्लॅब रात्री अकरा वाजतापर्यंत तापलेली असते, आणि कूलर काही हळू चालत नाही, त्याचा झोत थेट अंगावर येतो. तोंड फिरवलं तर खोली गार होत नाही, समोर ठेवलं तर बाळाला शिंका सुरू. आम्ही एसी घेतला, 26 वर ठेवतो, बाळ झोपतं आणि मीही झोपते, बाळंतीण बाईला झोप किती महत्त्वाची असते हे कूलरच्या वासावर लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आणि मृग लागला की काय? जुलैमध्ये हवा आधीच ओली, कूलर लावला की गाद्या चिकचिक, पापड मऊ, कपड्यांना कुबट वास. म्हणजे वर्षातून दोन-अडीच महिने चालणारी वस्तू. ती "कामाची निघाली" कशी?

इतवारी_भौ

वहिनी, बाळाचं तुमचं बरोबर आहे, झोत अंगावर नकोच. पण खोली गार होत नाही म्हणून जे लोक म्हणतात त्यातल्या दहापैकी आठ घरी खिडक्या बंद असतात हो. एसीसारखं बंद करून कूलर चालवला की ओली हवा आतच फिरत राहते, अर्ध्या तासात दमट होणारच. समोरच्या भिंतीची खिडकी नाही तर दार हातभर उघडं ठेवा, हवा बाहेर निघाली पाहिजे, मग झोत भिंतीकडे वळवला तरी खोली गार होते. आमचं दुकान कूलरच्या सामानाचं आहे, रोज हेच सांगून राहिलो.

आणखी दोन गोष्टी. बोअरचं पाणी वापरत असाल तर खसवर पांढरा क्षार बसतो, काड्या कडक होतात, मग पाणी आतून न जाता वरून ओघळतं, गिऱ्हाईक म्हणते खस खराब दिली. खस खराब नसते, पाणी जड असते. टाकीतलं सगळं पाणी आठ दिवसांतून एकदा काढून टाका, नुसतं वरून भरत राहू नका. दुसरी गोष्ट लाईट. कूलर दीड-दोनशे वॅटचा, दीड टनाचा एसी हजार-दीड हजार वॅट ओढतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी लाईट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर कूलर चालतो, एसी चालत नाही. त्या वेळी बाळाचं काय करता ते सांगा.

मानेवाडा_मम्मी

लाईट जाते तेव्हा ओल्या पंच्याने पुसते आणि पंखा चालतोच ना भाऊ इन्व्हर्टरवर. आणि आजकालचे एसी खोली गार झाली की आपोआप कमी वीज घेतात, पूर्ण वेळ दीड हजार नाही ओढत. 2020 पासून तर स्टारवाले नवे एसी सुरू होतानाच 24 वर सुरू होतात. तुम्ही जुना हिशोब सांगून राहिले.

पीएचसी_सिस्टर

मी आरोग्य केंद्रात काम करते. कूलर विरुद्ध एसीत मला पडायचं नाही, पण इतवारी भाऊंनी आठ दिवसांतून पाणी काढायचं जे सांगितलं ते खसच्या काड्यांसाठी नाही, डेंग्यूसाठी जास्त गरजेचं आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला ती साखळी मोडायची. नुसतं पाणी ओतून देऊ नका, टाकीच्या कडा काथ्याने घासा, अंडी काठाला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. आम्ही घरोघरी जातो तर दिवाळीपर्यंत गॅलरीत तसाच भरलेला कूलर सापडतो, पंधरा मिनिटं समजावून सांगितलं तरी पुढच्या वेळी तसाच. सप्टेंबरात टाकी कोरडी करून झाकून ठेवा, एवढं केलं तर मला खसबद्दल काही म्हणायचं नाही.

महालची_काकू

वॉकरबद्दल बोलते. माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं वॉकरमध्ये चालली, एकाचाही पाय वाकडा नाही. आई स्वयंपाक करते तेव्हा लेकराला कुठे ठेवायचं? पांगुळगाड्याला धरून लेकरू उभं राहायला आधी दहा-अकरा महिने जावे लागतात. वॉकरमध्ये सात महिन्याचं पोर बसतं, खेळतं, आईचे दोन हात मोकळे राहतात. जुनं ते सगळं चांगलं असं म्हणायचं आणि कामाच्या बाईचा विचार करायचा नाही, हे मला पटत नाही.

गोकुळपेठवाली

काकू, तुमचा दोन हात मोकळे राहण्याचा मुद्दा अगदी खरा आहे, त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे. पण वॉकर हा त्याचा उपाय नाही, कारण त्यात बसलेलं सात महिन्यांचं पोर एका सेकंदात गॅसच्या ओट्यापाशी किंवा जिन्याच्या तोंडाशी पोहोचतं, आपण फोडणीला वळलो की संपलं. कॅनडाने 2004 मध्ये वॉकर विकण्यावरच बंदी घातली ती पाय वाकडे होतात म्हणून नाही, जिन्यावरून पडून डोक्याला मार लागतो म्हणून. शिवाय त्यात पोर बसूनच बोटांच्या टोकांवर ढकलतं, तोल सावरायचं शिकतच नाही. पांगुळगाड्यात आधी उभं राहावं लागतं, पाऊल पूर्ण टेकवावं लागतं, थांबायचं असलं तर आपणच थांबावं लागतं. आमच्या टाईल्सवर चाकं फार पळत होती म्हणून मागच्या दोन चाकांवर सुतळी घट्ट गुंडाळली, मग गाडा पोराच्या चालीने चालायला लागला.

हात मोकळे ठेवायला जमिनीवर सतरंजी, चार भांडी, आणि दाराला आडवी फळी. पोर रांगू द्या.

महालची_काकू

सतरंजीवरून पोर दोन मिनिटांत बाहेर. तुमच्या घरी जिना आहे, आमच्या दोन खोल्यांत जिना नाही. प्रत्येक घर सारखं नसतं बाई.

पीएचसी_सिस्टर

काकू, जिना नसला तरी गरम कुकर, पाण्याची बादली, ओढता येणारी वायर हे सगळं दोन खोल्यांत जास्तच जवळ असतं. मी ताईंच्या बाजूने.

आणि लेकरांचा विषय निघालाच आहे तर एक. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यात वरचं पाणी, ग्लुकोज, साखरपाणी काही देऊ नका. घरोघरी म्हणतात एवढ्या उन्हात लेकराचा घसा सुकतो. जागतिक आरोग्य संघटना कडक उन्हाळ्याच्या प्रदेशांसाठीही हेच सांगते की पहिले सहा महिने आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं, फक्त जास्त वेळा पाजायचं. पाणी बाळाला नाही, आईला द्या, तांब्या तिच्या हाताशी ठेवा.

मोहाडीची_लेक

माझा विरोध "सणासुदीला करवतकाठी साडी" या तीन शब्दांत उरकल्याबद्दल आहे. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडीकडचं, घरी माग होता. करवतकाठी ही यादीत दुपट्ट्याच्या शेपटीला जोडायची वस्तू नाही हो. अंग टसर रेशमाचं, काठ सुताचा, आणि काठावर करवतीच्या दात्यांसारखी जी नक्षी येते ती छापलेली नसते, तीन धोटे (आडवा धागा नेणारे) चालवून प्रत्येक ओळीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. डावा काठ एक धोटा, अंग दुसरा, उजवा काठ तिसरा. म्हणून मागावर बहुतेक दोन माणसं लागायची, आणि एकाचा हात चुकला की दाता मोडतो, मग उसवून परत. त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आहे तरी बाजारात पावरलूमवर विणलेली, दात्यांची नुसती डिझाईन टाकलेली साडी त्याच नावाने विकल्या जाते.

घेणार असाल तर उलटी करून पाहा, काठ आणि अंग जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी दाते सारखे स्वच्छ दिसले पाहिजेत, मागे लोंबते धागे नकोत. आणि भाव करताना जरा विणणाऱ्याचा विचार करा. ज्यांना परवडत नाही त्यांनी नाही घेतली तरी चालेल, पण नकली घेऊन करवतकाठी घेतली म्हणू नका, त्याने माग बंद पडतात.

सक्करदरा_सौ

मोहाडीच्या ताई, मनापासून पटलं. पण एक विचारू का, टसर नागपूरच्या उन्हाळ्यात नेसवते का कोणाला? लग्नं सगळी एप्रिल-मे मध्येच. मी तर मंगल कार्यालयात सुती नेसून जाते आणि कोणी काही म्हणो, जेवण वाढताना घाम टिपल्या जातो. यादी आपल्या हवेची करायची म्हणता तर मग सुती साडीच पहिली पाहिजे.

मोहाडीची_लेक

टसर बाकी रेशमापेक्षा जाडसर आणि मोकळं असतं, अंगाला चिकटत नाही, आमच्याकडच्या बायका उन्हाळ्यातल्या लग्नात नेसतात. पण वाढपाला मात्र सुतीच, ते मान्य.

उमरेड_रोडवाला

मिरचीवर कोणी बोललंच नाही. भिवापुरी म्हणून पाकिटात जे तिखट येतं त्याच्यावर माझा भरवसा नाही, भिवापूर तालुक्यात ती जुनी मिरची लावणारे शेतकरीच कमी राहिले, जास्त उत्पन्नाच्या दुसऱ्या जाती आल्या. यादीत नाव टाकताना कुठून घ्यायची ते पण टाका नाही तर लोक लाल रंग पाहून काहीही घेतील. मी देठासकट सुकी मिरची घेतो, ओळखीच्या शेतकऱ्याकडून, दोन दिवस गच्चीवर वाळवून घरच्या बायकांसमोर कांडून आणतो. रस्स्यावर तर्री कशी येते ते बघा मग, रंग टाकायची गरज नाही.

संत्र्याचं म्हणाल तर आंबिया बहाराचं (हिवाळ्याच्या शेवटी फुलतं ते) दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराचं (पावसाच्या सुरुवातीला फुलतं ते) फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात जे संत्रं म्हणून विकतात ते नागपुरी आहे का हे विचारून घ्या.

गोकुळपेठवाली

दादा, हे फार कामाचं सांगितलं. ज्यूसऐवजी आख्खं संत्रं म्हटलं तेही त्याच्याचसाठी, लेकरू फोड सोलते, बिया काढते, चोथा खाते. गाळून दिलं की नुसतं गोड पाणी.

मानेवाडा_मम्मी

माझा मुद्दा तसाच उभा आहे. बाळंतिणीच्या खोलीत एसी, बाकी घरात तुमचा कूलर. हॉलमध्ये आमच्याही सासऱ्यांचा आहेच, घासवाला. इतवारी भाऊ, खस लावून द्यायला माणूस येतो का मानेवाड्याला, आणि स्लॅब तापू नये म्हणून गच्चीवर चुना मारायचा तर त्यात काय मिसळायचं की पहिल्या पावसात वाहून जाणार नाही?

इतवारी_भौ

खस लावायला पोरगा पाठवतो वहिनी, फक्त खिडकीच्या चौकटीचं माप इंचात लिहून ठेवा, जाळीच्या दाराचं नाही, लोक दाराचं देतात मग खस आखूड पडते. चुन्यात फेव्हिकॉल टाकतात आमच्याकडे, पण गच्ची आधी झाडून, धुऊन पूर्ण वाळवा आणि दोन हात पातळ मारा, एक जाड नको. सकाळी आठच्या आत मारा, उन्हात मारला की लगेच सुकून पापुद्रे निघतात. आणि गॅलरीला हिरवी नेट बांधा, चौकात सिग्नलवर बांधतात तशी, तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला त्याने चांगलाच फरक पडेल. एसी असला तरी.