प्रतिसाद : जवळच्या छटांचे तुकडे आणि सपाट दिसणारा ब्लॉक

जवळच्या छटांचे तुकडे जोडल्यास गोधडीचा ब्लॉक (तुकडे जोडून केलेला एक चौकोन) सपाट दिसतो, ही वर मांडलेली तक्रार रास्त असली, तरी मध्येच एखादा गडद तुकडा घालण्याचा उपाय मला पटत नाही, कारण मग नजर तिथेच अडकते. त्यापेक्षा कापडावरच्या छापाचा आकार बदलावा. बारीक बुट्टीशेजारी रुंद पट्टा आला, की छटा एकच असूनही जोड उठून दिसतो. कृष्णधवल छायाचित्रात तर हा फरक लगेच कळतो. गटाने मिळून गोधडी करताना आपल्या ब्लॉकची मांडणी ज्याची त्याने ठरवावी, मात्र शिवणीसाठी सोडलेली कड सर्वांची पाव इंचाचीच असावी आणि १२ इंचांच्या तयार ब्लॉकसाठी, दोन्ही बाजूंची ही कड धरून, जोडलेला ब्लॉक साडेबारा इंचांवर छाटावा. तिरप्या कापाच्या कडा ताणल्या जातात, म्हणून तिथे इस्त्री न फिरवता नुसती दाबावी.