मदत हवी आहे: इंदूरला मेट्रेलेप्टिन हे औषध कसं मागवायचं?

नमस्कार मंडळी. माझी लेक 13 वर्षांची, वजन 34 किलो. तिला जन्मजात लिपोडिस्ट्रॉफी आहे, म्हणजे अंगात चरबीच्या पेशी जवळजवळ नाहीतच. जनुक तपासणीत एजीपीएटी2 मध्ये दोष निघाला. हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, मान काळवंडलेली. लहानपणी एका डॉक्टरांनी "पोर अशक्त आहे, तूप चारा" सांगितलं आणि मी वर्षभर तिच्या भातावर तूप वाढत राहिले. ते आठवलं की आजही जीव कासावीस होतो. साठवायला जागाच नसली की ती चरबी यकृतात आणि रक्तात जाते.

मागच्या महिन्यात लॅबमधल्या मुलाने रक्ताची नळी उजेडात धरून दाखवली. वरचं पाणी पिवळसर दिसायला हवं, ते दुधासारखं पांढरं होतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 1860. श्रावणात स्वादुपिंडाला सूज येऊन आठ दिवस दवाखान्यात काढले. इन्सुलिनचे डोस वाढतच चाललेत.

आणि भूक! ताटावरून उठते आणि दहा मिनिटांत "आई, अजून काही आहे?" रात्री दोनला डब्याची झाकणं वाजतात. नातेवाईक हावरट म्हणतात. अहो, पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन चरबीच्याच पेशींत तयार होतं. तिच्याकडे ते नाहीच, तर पोरीने काय करावं?

आमच्या एंडोक्राइनवाल्या (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडम मेट्रेलेप्टिन द्या म्हणतात, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं लेप्टिन, रोज एक इंजेक्शन कातडीखाली. अमेरिकेत 2014 मध्ये मान्यता मिळाली, युरोपात 2018 मध्ये. तिच्या वजनाला दिवसाला साधारण 2 मिलिग्रॅम. औषधाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होण्याचा आणि लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा) धोका त्यांनी नीट समजावलाय. आम्ही दोघांनी विचार करूनच हो म्हटलंय.

आता अडलंय ते पुढे. परदेशातून मागवायची परवानगी कोणी काढली आहे का? आणि 11.3 मिलिग्रॅमच्या कुपीतली पावडर पाण्यात कालवल्यावर तीनच दिवस चालते, म्हणजे निम्मं औषध फुकट जाणार. युरोपात 3 मिलिग्रॅमची मिळते, ती कोणी आणवलीय का? मुंबईहून इंदूरपर्यंत 2 ते 8 अंशांत कसं आणायचं, मे महिन्यात तर विशेष?

प्रतिसाद, बडोद्याहून:
ताई, माझ्या भाच्यासाठी दुसरं औषध असंच मागवलं होतं. स्वतःच्या वापरासाठी फॉर्म 12ए भरायचा, परवाना 12बी मिळतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव, डोस, एकूण कुप्या स्पष्ट लिहून घ्या. आमची पहिली फाइल कुप्यांचा आकडा नव्हता म्हणूनच परत आली. 100 डोसांपुढे हवं असेल तर कारण वेगळं लिहावं लागतं. मुंबईच्या केईएममध्ये दुर्मीळ आजारांचं केंद्र आहे, तिथेही एकदा दाखवा. आणि बर्फ कुपीला थेट टेकू देऊ नका, गोठलं की औषध गेलं. आम्ही मध्ये पुठ्ठा घालायचो.

माझं उत्तर:
ताई, पुठ्ठ्याचं लक्षात ठेवते. चिठ्ठीचा मसुदा सोमवारी मॅडमकडे नेते. 3 मिलिग्रॅमच्या कुपीबद्दल कोणाला माहीत असेल तर कृपया लिहा.