बायोलॉजीत एम.एस्सी. केलेले कोल्हापूरकर आज काय करताहेत?

बारावीला बी ग्रुप, नीटला नंबर हुकला, म्हणून बी.एस्सी. आणि ती झाली की गल्लीतल्या प्रत्येकाचा प्रश्न, "आता पुढं काय?" घरी सध्या हाच विषय चालू आहे, म्हणून हा धागा. ज्यांनी बॉटनी, झूलॉजी, मायक्रो, बायोटेक यांत एम.एस्सी. किंवा त्यापुढचं काही केलंय, त्यांनी लिहा. सल्ले नकोत, ते फुकट मिळतात. सकाळी कामावर जाऊन हातानं नेमकं काय करता, ते सांगा. कंपनीचं नाव नको.

मायक्रो, कागलकडे

डिस्टिलरीत आहे. मळीतली साखर खाऊन अल्कोहोल करायचं काम यीस्टचं, आणि यीस्टला सांभाळायचं काम माझं. दर पाळीला फर्मेंटरमधला नमुना आणायचा, त्यात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली चौकटींतल्या पेशी मोजत बसायचं. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत बिनरंगी. निळ्या वाढल्या की पहिला फोन कूलिंगवाल्याला, कारण यीस्ट काम करताना स्वतःच उष्णता सोडतं आणि टाकी फार तापली की त्याच उष्णतेनं गारद होतं. एकदा रात्रपाळीत कूलिंगचा पंप बंद पडला, सकाळी टाकीला आंबट वास. लॅक्टिक बॅक्टेरिया घुसले होते. हे सगळं पुस्तकात दोन ओळींत आहे, पण वासावरून ओळखायला मला अख्खा गळीत हंगाम लागला. पगार सुरुवातीला बेताचा. पाळीची सवय नसेल तर इकडे फिरकू नका.

बॉटनी, पीएच.डी.

मी कंदीलपुष्पांच्या मागे लागले. आपल्याकडे खरचुडी म्हणतात ती, शास्त्रीय नाव सेरोपेजिया. शिवाजी विद्यापीठाच्या बॉटनी विभागात या वनस्पतींवर बरंच काम झालंय. फुलाची नळी म्हणजे चक्क सापळा. आतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळं बारीक माशी आत शिरते, पण बाहेर पडता येत नाही. केस सुकले की तिची सुटका होते, पण तोपर्यंत परागांचे पुंजके तिला चिकटलेले असतात. पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गुडघ्यावर बसून एका फुलाकडे बघत राहायचं, पायाला जळू लागलेली, आणि शेजारून जाणारा गुराखी विचारतो, "ताई, काय हरवलं का?" त्याच्या आज्यानं याच झाडाचे कंद खणून खाल्लेले. काही जाती दुर्मीळ झाल्या, त्यात या कंद खणण्याचाही हात आहे.

आता नोकरीचं. प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा झाली, पीएच.डी. झाली, आणि मी अजून सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. तासावर पैसे, सुट्टीत शून्य. पठाराचं कौतुक वाचून कोणी हुरळून जाऊ नये, म्हणून हेही लिहिलं.

झूलॉजी, राजारामपुरी

मेडिकल कोडिंग. अमेरिकेतल्या पेशंटचे कागद वाचायचे आणि आजाराला कोड द्यायचा. टाइप दोन मधुमेह असेल तर ई११ आणि पुढं गुंतागुंतीप्रमाणे आकडे. शरीररचना पक्की असेल तर जमतं. बेडूक फाडला होता त्याचा काडीचा उपयोग नाही.

पालक, शिरोळ

मी शेतकरी, लिवायला पोरीनं सांगितलं. थोरली टिश्यू कल्चरच्या, म्हंजी बाटलीत रोपं वाढवायच्या लॅबमधी हाय. उसाचा अगदी शेंड्याचा कोंब घेत्यात, कारण तितक्या टोकाला व्हायरस सहसा पोचलेला नसतोय. बाटल्या प्रेशरमधी १२१ डिग्रीला उकळून काढायच्या, तोंडाला मास्क, हातावर स्पिरिट. जरा हयगय झाली की बाटलीत बुरशी, मग अख्खी ट्रे टाकून द्यायची. मी म्हटलं, एवढं बियाण्याला कोण जपतंय? आता मीच तिच्याकडनं रोपं मागतोय, आणि ती बापाकडनंबी पैसे घेती!

बायोटेक, सध्या गुळाची अडत

मी सीएसआयआरची लाइफ सायन्सेसची नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि रिसर्च फेलोशिपसाठीची परीक्षा, दोनदा दिली आणि सोडली. आता मार्केट यार्डात वडिलांच्या गादीवर बसतो. वाईट चाललंय असं नाही. पण जे देणार आहेत त्यांनी सी भाग हलक्यात घेऊ नका. २०० पैकी १०० मार्क त्याचे, ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, एकेकाला ४ मार्क. पाठांतर ए आणि बी भागापर्यंतच पुरतं. सी मध्ये प्रयोगाचा आलेख देऊन निष्कर्ष विचारतात आणि तिथं आमची दांडी गुल.

बायोकेम, जेआरएफ (रिसर्च फेलोशिप), सध्या पुण्यात

वरच्या भावाला दुजोरा. सी भागासाठी मी गाईड बंद करून रिसर्च पेपरांतल्या आकृत्या वाचायला लागलो, मथळा झाकून. जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, घरभाडं वेगळं. घरी पैसे मागावे लागत नाहीत, पण पाहुण्यांना "अजून शिकतोय" हे पटवणं अवघड.

ज्यांना गेट, म्हणजे एम.टेक., पीएच.डी.च्या प्रवेशाची परीक्षा, द्यायची आहे त्यांनी लाइफ सायन्सेसचा पेपर बघा. त्यात केमिस्ट्री सक्तीची आहे, बाकीचे दोन विषय आपण निवडायचे. मायक्रोवाल्या दादा, तुमच्याकडे उन्हाळ्यात एम.एस्सी.च्या पोरांना ट्रेनिंगला घेतात का? माझ्या धाकट्या बहिणीसाठी विचारतोय.

मायक्रो, कागलकडे

घेतात. पण हंगाम चालू असताना पाठवा, मे महिन्यात नको.