तक्रार समितीत नाव माझं, निवड सरांची

नदीकाठची
नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. जिल्ह्याच्या गावी एम.ए. करते. गेल्या महिन्यात मैत्रिणीने फोटो पाठवला. जिन्याखालच्या फलकावर 'अंतर्गत तक्रार समिती'ची, म्हणजे कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीची यादी, त्यात शेवटून दुसरं नाव माझं! मला कुणी विचारलं नव्हतं, बैठकही कधी झालेली नाही. फलकावरचा मोबाइल नंबर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या मॅडमचा. लावून पाहिला, त्यांच्या सुनेने उचलला.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे विनियम सांगतात की प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन असे एकेक, आणि तेही पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले. सरांना आवडणारी, प्रश्न न विचारणारी मुलगी शोधून तिचं नाव लिहायचं, असं कुठेही नाही. निवडून द्या, नाहीतर माझं नाव खोडा.

खडू_डस्टर
असहमत. मी अशा समितीची अध्यक्ष होते. निवडून आलेले असोत की नेमलेले, चौकशीच्या टेबलावर विद्यार्थी नकोत. गोवा विद्यापीठाचं प्रकरण बघा. मुलींच्या तक्रारी २००९ च्या. प्राध्यापक बडतर्फ झाले. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बडतर्फी रद्द केली, कारण चौकशी घाईने उरकली होती, बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नव्हता. चौदा वर्षांनी चौकशी पुन्हा २००९ च्या टप्प्यावर! हे काम इतकं किचकट आहे. उद्या पेपर असलेल्या पोरांचं नाही.

तिखट_शेव
मॅडम, त्या निकालातून 'चौकशी नीट करायला शिका' एवढंच निघतं, 'पोरांना बाहेर काढा' नाही. त्याच निकालात कोर्टाने सगळीकडे समित्या खरंच नेमल्यात का ते तपासा असंही सांगितलंय, कॉलेजंसुद्धा त्यात आली. ते बरं विसरलात. दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात १९९९ पासून निवडून आलेल्या विद्यार्थ्यांसह समिती चालली. २०१७ मध्ये प्रशासनाने ती मोडून दुसरी आणली, तेव्हा भांडले कोण? शिक्षकांसोबत विद्यार्थीही.

जुना_जीएस
निवडणूक म्हणजे काय असते ते आम्हाला विचारा. जीपा, हॉटेलात जेवणावळी, मतदानाच्या आदल्या रात्री पोरं पळवणं. महाराष्ट्रात १९९४ पासून कॉलेजातल्या खुल्या निवडणुका उगाच बंद नाही झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने परत आणल्या म्हणे. २०१९ मध्ये घेणार होते, विधानसभेचं कारण सांगून पुढे ढकलल्या. आता छेडछाडीच्या समितीसाठीही पॅनल उभी करणार का?

तिखट_शेव
काका, तीन जागांना जीप लागत नाही. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या तरी भागतं.

लेकीचा_बाप
समितीबिमिती राहू द्या. माझी मुलगी हॉस्टेलला आहे. ग्रंथालय ते हॉस्टेल रस्त्यावर आधी दिवे लावा.

नदीकाठची
दादा, ते आम्ही मोजलेत. अकरा खांब, चार दिवे चालू. एनएसएसची मुलं-मुली दोन रात्री फिरलो, प्रत्येक खांबाचा फोटो काढून अर्जाला जोडला. दोन लागले, बाकीचे 'प्रस्तावित'. आणि सोबत फिरणारी मुलंच पुढे कट्ट्यावर शेरे मारणाऱ्यांना 'बास कर रे' म्हणायला लागली. हे कुठल्याच पोस्टरने झालं नसतं.

पण दिव्याने सगळं सुटत नाही. फर्स्ट इयरच्या एका मुलीने प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागितली, कारण सांगितलं नाही. फक्त रूममेटला माहीत होतं. ती रूममेट माझ्यापर्यंत आली तेव्हा पाचवा महिना उजाडला होता. लेखी तक्रारीला मुदत तीन महिने, समितीला कारण पटलं तर आणखी तीन. मुलगी आधी मैत्रिणीकडे जाते, मॅडमकडे नाही. मग त्या मैत्रिणीला मुदत माहीत असायला नको?

खडू_डस्टर
हे पटलं. मुदत सांगा, सोबत या, दिवे मोजा, सगळं करा. पण मी नकार का देते तेही ऐका. आमच्याकडे विद्यार्थी प्रतिनिधीकडून जबाबाचा एक कागद झेरॉक्सच्या दुकानात राहिला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलेजला पाठ. त्या मुलीने दुसऱ्या गावी प्रवेश घेतला.

तिखट_शेव
त्या प्रतिनिधीला गोपनीयतेबद्दल कुणी काही शिकवलं होतं?

खडू_डस्टर
नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं शिकवलं.

जुना_जीएस
म्हणजे दोष वयाचा नव्हता तर. तरी झेरॉक्स कॉलेजच्या ऑफिसातच काढायची, एवढा नियम करा बाई.

नदीकाठची
मॅडम, तुमचा किस्सा वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. त्या मुलीच्या जागी मी असते तर मलाही समितीत विद्यार्थी नको वाटले असते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण यादीत नाव राहिलं तर उद्या माझ्या नावाने काहीही होईल आणि मला कळणारही नाही. सोमवारी प्राचार्यांना अर्ज देतेय. निवड घ्या, निवडलेल्यांना प्रशिक्षण द्या, आणि तोवर निदान फलकावरचा नंबर बदला. मॅडम, मसुदा तुम्ही तपासून द्याल का?

खडू_डस्टर
व्यनि (खासगी निरोप) करा. भाषा सौम्य ठेवा, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.