रविवारचा संदेश कोणी ठरवायचा: पाळकांनी, कॅलेंडरने की पुस्तकाने?

नगरकर

सर्वांना सलाम. चर्चमधल्या रविवारच्या संदेशासाठी, म्हणजे प्रवचनासाठी, बायबलमधला भाग कसा निवडावा यावर लिहितो आहे.

मलाखी 3:10 ऐकलं नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस सापडणार नाही. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, मग देव आकाशकपाटं उघडेल. मंदिराचे पत्रे बदलायचे झाले की हे वचन हटकून निघतं. पण त्याच अध्यायात पाच वचनं आधी देव कोणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो? खोटी शपथ वाहणाऱ्यांविरुद्ध, मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवा, पोरके आणि उपरे यांना नाडणाऱ्यांविरुद्ध. त्याच्याही मागे गेलो तर पहिले दोन अध्याय थेट याजकांची हजेरी घेतात: आंधळं, लंगडं, आजारी जनावर वेदीवर आणता आणि वर विचारता, आम्ही काय चुकलो? मलाखी अवघ्या चार अध्यायांचं आहे. चार रविवार सलग घेतलं, तर दशमांशाच्या वचनापर्यंत येताना आधी पाळकांना आणि कमिटीला स्वतः त्यातून जावं लागेल. तिसऱ्या अध्यायातून एकच वचन उचललं, तर जावं लागत नाही.

यिर्मया 29:11 चंही तसंच. 'तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत' हे नव्या वर्षाच्या प्रत्येक कार्डावर असतं. हे बाबेलात बंदिवान झालेल्यांना लिहिलेलं पत्र आहे, आणि आदल्याच वचनात त्या बंदिवासाची सत्तर वर्षं सांगितली आहेत. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत बाबेलने नेलेलं सगळं परत येईल असं लोकांना सांगतो, आणि यिर्मया ते खोटं ठरवतो. म्हणजे झटपट आशीर्वादाचं आश्वासन देणाऱ्याच्या विरोधात लिहिलेलं पत्र आपण झटपट आशीर्वादासाठी वापरतो.

म्हणून माझं म्हणणं: रविवारचा मुख्य संदेश बायबलमधलं एकेक पुस्तक घेऊन क्रमाने व्हावा. एक पुस्तक संपलं की दुसरं. पाळक कितीही प्रामाणिक असला तरी निवड त्याच्या हातात असली, की नको तो भाग नकळत गळतो. हे नवं खूळ नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात ख्रिसोस्तोम या प्रवचनकाराने मत्तयाच्या शुभवर्तमानावर 90 प्रवचनं केली. 1 जानेवारी 1519 ला झुरिकमध्ये झ्विंग्ली या धर्मसुधारकाने नेमून दिलेले पाठ बाजूला ठेवले आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली. कॅल्विन या दुसऱ्या धर्मसुधारकाला 1538 मध्ये जिनिव्हातून घालवलं, 1541 मध्ये परत बोलावलं, तेव्हा तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे बोलू लागला.

पंडिता रमाबाईंचं सोप्या मराठीतलं बायबल 1924 मध्ये केडगावला छापलं गेलं. खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून त्यांनी लेवीय आणि गणना ही नियमांनी भरलेली पुस्तकंसुद्धा तितक्याच कष्टाने मराठीत आणली. ती व्यासपीठावर कधीच येणार नसतील तर ते कष्ट कशासाठी?

फिरता पाळक

नगरकर बंधू, मलाखीचं बोलणं बिनतोड आहे आणि मला ते लागलंही. पण तुमची मंडळी शहरातली. तीच माणसं त्याच बाकांवर दर रविवारी येतात.

माझ्याकडे बरीच गावं आहेत. एका गावाची पाळी महिन्यातून एकदा येते, पावसाळ्यात तीही चुकते. दिवाळीनंतर अर्धी मंडळी ऊसतोडीला जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. मी दिवाळीआधी पौलाचं रोमकरांस पत्र काढलं, तर तोडीहून परतलेल्या माणसाने कुठून धरायचं? 'मागच्या वेळी आपण पाहिलं' हे वाक्य त्याला दाराबाहेर उभं करतं. तो सहा महिन्यांनी देवाच्या घरी आलेला असतो. त्याला त्या एका तासात पुरं काहीतरी मिळायला हवं.

आणि गावात परवाच कोणी विहिरीत उडी घेतलेली असताना मी रोमकरांस नववा अध्याय काढून देव कोणाला निवडतो ही शिकवण मांडू का? त्या दिवशी स्तोत्र 88 लागतं. ते अंधारातच संपतं, म्हणून लागतं. हे मला पुस्तकाचा क्रम सांगत नाही, त्या घराच्या ओट्यावर बसल्यावर कळतं.

आपल्या मातीतली पद्धतही वेगळी आहे. कृष्णराव सांगळ्यांनी आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंगात एक वचन, उत्तररंगात एक आख्यान, एका रात्रीत गोष्ट पूर्ण. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही ती पाठ झाली. तुम्ही झुरिक आणि जिनिव्हा सांगता. ती छापखाने असलेली शहरं होती.

वसईची लेक

आम्ही कॅथलिक, त्यामुळे हा वाद मला थोडा बाहेरून दिसतो. आमच्या फादरांना निवड नाहीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 मध्ये नवी पाठमाला आली, तेव्हापासून रविवारचे पाठ तीन वर्षांच्या फेऱ्यात नेमलेले आहेत. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरनंतरच्या पास्काकाळात येतो, शिवाय मार्कच्या वर्षात पाच रविवार त्याचा सहावा अध्याय. म्हणजे शुभवर्तमान बरंचसं क्रमानेच वाचलं जातं. आणि ज्या रविवारी वसईत जे वाचतात, तेच मनिलात आणि नैरोबीत वाचतात.

नगरकर, तुम्ही म्हणता निवड पाळकाच्या हातून काढून घ्यायची. पण कोणतं पुस्तक घ्यायचं हे तुमच्याकडे कोण ठरवतं? पाळकच ना? ज्याला प्रकटीकरणाची ओढ, तो दोन वर्षं प्रकटीकरणच सांगेल, आणि त्या दोन वर्षांत वाढलेल्या मुलाच्या कानावर डोंगरावरचं प्रवचन पडणारच नाही.

दुसरं, पाठ जोडून वाचण्यात जे मिळतं ते क्रमाने मिळत नाही. मार्कच्या वर्षात एका रविवारी लेवीय 13 येतं: कुष्ठरोग्याने फाटके कपडे घालावे, 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडावं, वस्तीबाहेर राहावं. आणि लगेच मार्क 1: येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. दोन्ही एकाच उपासनेत, दहा मिनिटांच्या अंतराने. लेवीय क्रमाने घेतलं असतं तर हा स्पर्श कित्येक महिन्यांनी आला असता.

नगरकर

ताई, लेवीय 13 आणि मार्क 1 ची जोडी सुंदर आहे, वाद नाही. पण ज्यांनी पाठ नेमले त्यांनीही गाळलंच आहे. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या 1992 ची सामाईक पाठमाला वापरतात. तिच्यात दावीदाची गोष्ट अनेक रविवार चालते. 2 शमुवेल 11 मध्ये दावीदाने परक्याच्या बायकोशी, बथशेबाशी, केलेलं पाप, 12 मध्ये त्यावर नाथान संदेष्ट्याचा दाखला, आणि मग उडी थेट 18 वर, दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या मृत्यूवर. मधला 13 वा अध्याय नाही. दावीदाच्याच दुसऱ्या मुलाने, अम्नोनाने, सावत्र बहिणीवर, अबशालोमाच्या सख्ख्या बहिणीवर, तामारेवर, केलेला बलात्कार तिथे आहे. तुमच्या रविवारच्या पाठांतही तो नाही. मग अबशालोम बापाविरुद्ध का उठला, हे मंडळीला कसं कळणार? दावीद शेवटी रडतो तेवढंच दिसतं. त्याने मुलीसाठी काहीच केलं नाही, ते दिसत नाही.

पुस्तक पाळक निवडतो, हे खरं. पण एकदा निवडलं की पुढची वाट त्याच्या हातात राहत नाही. मला तेवढं पुरे.

पाळकसाहेब, तुमची अडचण खरी आहे, पण ती लांबलचक मालिकेची अडचण आहे. रूथ चार अध्याय, योना चार, फिलिप्पैकरांस चार. महिन्यातून एक पाळी असली तरी चार पाळ्यांत पुस्तक होतं. दर वेळचा भाग आपल्या पायावर उभा राहील असा सांगावा, 'मागच्या वेळी' न म्हणता. आणि घरात मरण आलं तर पुस्तक बाजूला ठेवायला कोण अडवतं?

वॉर्डातली सिस्टर

तामारेचा विषय निघाला म्हणून लिहिते. इतक्या वर्षांत हा अध्याय मी व्यासपीठावरून एकदाही ऐकलेला नाही. बायकांच्या सभेत एकदा वाचला गेला, दार लावून. दावीद राजाला ऐकून फार राग आला, असं शास्त्र सांगतं. पुढे काही केल्याचं सांगत नाही. तामार सख्ख्या भावाच्या, अबशालोमाच्या, घरी उजाड होऊन राहिली. नाईट ड्यूटीला आमच्याकडे अशा मुली येतात. बरोबर आलेली माणसं तेच बोलतात जे अबशालोम बोलला: गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे.

मी क्रमाच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. लहान मंडळीत प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. पाळकांनी एखाद्या रविवारी दारू, घटस्फोट किंवा हुंड्यावर संदेश दिला की लोक मान वळवून कोणाकडे तरी बघतात. ते घर पुढचा महिनाभर येत नाही. पाळकांनाही ते माहीत असतं, म्हणून ते विषयच टाळतात. पुस्तक क्रमाने चाललेलं असलं तर कोणाला म्हणता येत नाही की हे आमच्यावर रोखून बोलले. मागच्या रविवारी बारावा झाला, आज तेरावा. पाळकालाही आडोसा मिळतो आणि ज्या घरात ते घडलंय त्या घरालाही. त्या बाकावर बसलेल्या मुलीला कोणी न बोलवता कळतं की देवाच्या पुस्तकात तिची गोष्ट आहे.

पुण्यातला वडील

सिस्टर, तुमचा मुद्दा मी आधी कोणाकडून ऐकला नव्हता. तो मान्य करूनही मी क्रमाच्या संदेशाविरुद्ध आहे, कारण त्याचं प्रत्यक्षात काय होतं ते पाहिलं आहे.

नगरकरांनी कॅल्विन सांगितला. त्याने अनुवाद या पुस्तकावर 200 प्रवचनं केली, पण ती आठवड्याच्या इतर दिवशी. लंडनचे पाळक लॉइड-जोन्स यांनी 1955 ते 1968 रोमकरांस पत्र सांगितलं, चौदाव्या अध्यायापर्यंत पोचले. तेही शुक्रवारी संध्याकाळी, ज्यांना खोलात जायचं होतं त्यांच्यासाठी. आपल्याकडचे तरुण पाळक या ध्वनिमुद्रणांवर वाढतात आणि तोच साचा रविवारच्या सकाळी आणतात, जिथे आजीही आहे, पहिल्यांदा आलेला शेजारीही आहे आणि पाच वर्षांचं मूलही. एका वचनावर तीन रविवार. मूळ ग्रीक क्रियापदाचा काळ. मराठीत भाष्यग्रंथ थोडे, म्हणून इंग्रजी प्रवचन ऐकून तेच उतरवायचं, उदाहरणं अमेरिकेतली. मंडळीला रोमकरांस पत्र मिळत नाही, पाळकाची वही मिळते.

बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत. आठवड्याला एक घेतला तरी जवळजवळ 23 वर्षं. पाळकांची बदली त्याच्या कितीतरी आधी होते, आणि नवे पाळक नवं पुस्तक काढतात. म्हणजे 'संपूर्ण वचन' हे कागदावरच राहतं.

माझा आग्रह वेगळा आहे. पौलाने कलस्सैकरांना लिहिलं की हे पत्र तुमच्यात वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचायला लावा. वाचायला. आख्खं रोमकरांस पत्र मोठ्याने वाचायला साधारण तास लागतो. वर्षातून चार उपासना अशा ठेवा की एक पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट वाचलं जाईल, चांगल्या वाचणाऱ्या आवाजात. त्या दिवशी संदेश नको. गाळणं बंद होईल आणि कोणाची विद्वत्ताही मध्ये येणार नाही.

नगरकर

काका, वाचनाच्या उपासनेला माझा पूर्ण पाठिंबा. एका वचनावर तीन रविवार नकोत, हेही मान्य. पण फक्त वाचून भागत नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्राने नियमशास्त्र वाचलं तेव्हा लेव्यांनी अर्थ सांगितला आणि मग लोक रडले. मलाखी 3:5, मजुरी दाबणाऱ्यांविरुद्धचं वचन, नुसतं वाचलं तर मंडळी म्हणेल, हे त्या काळच्या यहुद्यांना होतं. आज आपल्यात मजुरी कोण दाबतो, हे कोणीतरी उभं राहून म्हणायला हवं. एक अध्याय, एक रविवार, मराठी उदाहरणं. एवढंच मागतो आहे.

वॉर्डातली सिस्टर

पाळकसाहेबांना एक विचारते. ऊसतोडीच्या तळावर तर तीच माणसं सहा महिने एकत्र असतात. मग तिथेच पुस्तक क्रमाने का घेऊ नये? रूथ तर कापणीचीच गोष्ट आहे.

फिरता पाळक

सिस्टर, मी तळावर जातो. तिथे रविवार नसतो. पहाटे फडात जायचं, संध्याकाळी कोपीत, म्हणजे झोपडीत, स्वयंपाक, आणि गाडी रात्री कधीही भरायला लागते. कारखान्याच्या पाळीवर सगळं अवलंबून. मला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, आणि त्या दिवशी समोर कोण असेल ते आधी कळत नाही.

नगरकर, मजुरीचा विषय तुम्ही दोनदा काढलात म्हणून सांगतो. लेवीय 19 मध्ये आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. माझ्या लोकांनी मुकादमाकडून आगाऊ पैसे, उचल, घेतलेली असते आणि ती फेडण्यात हंगाम जातो. त्यांना हा अध्याय सांगून मी काय साधू? तो सांगायला हवा कारखान्याच्या गावातल्या मंडळीत, जिथे बागायतदार आणि ऑफिसातली माणसं बसतात. तिथे तुमची पद्धत जरूर लावा, आणि लेवीयच घ्या. मी स्वतः त्याला हातभार लावीन.

पण तळावर रूथ उघडलं, तर दुसऱ्या अध्यायात शेताचा मालक बवाज रूथसाठी मुद्दाम कणसं टाकायला सांगतो ते सांगायचं, की पहिल्या अध्यायात तिची सासू नामी 'मला मारा (म्हणजे कडू) म्हणा, देवाने माझं फार वाईट केलं' असं म्हणते तिथेच थांबायचं, हे मी कोपीसमोर बसून ठरवतो. गेल्या हंगामात एका बाईचं मूल तिथेच गेलं होतं. त्या रात्री मी दुसऱ्या अध्यायावर गेलोच नाही. पुढच्या खेपेला तो तळ दुसऱ्या गावाला हलला होता. क्रम पुरा झाला नाही, आणि तो पुरा व्हायला हवा होता असं मला अजूनही वाटत नाही.